बागेचं मागचं दार
मी काही लेखक नाही, चुकलं तर माफ करा. पण आज वसतिगृहाच्या फाटकाला दिलेल्या ताज्या रंगाचा वास आला आणि संभाजीनगरातल्या आमच्या वस्तीकडचं बागेचं मागचं दार आठवलं. त्यालाही असाच रंग दिला होता, पण कुलूप कायम. "उघडलं तर तुम्ही घाण कराल," नगरसेवक म्हणाले. मी अर्ज लिहायला घेतला, तर आई म्हणाली, "राहू दे, आम्ही हितंच बसतो." मग रोज संध्याकाळी वस्तीतल्या बायका दारासमोर पोतं अंथरून मेथी निवडायच्या आणि उठताना जागा झाडून जायच्या. "मावशी, कब तक बैठोगे?" वॉचमन विचारायचा. "मेथी सरंपर्यंत, भैया!" मी शिकायला बाहेर आलो, तरी त्या बसतच होत्या. मघाशी आईचा फोन आला, "कुलूप निघालं रे. पण अख्खी वस्ती आलीय, आता आत बसायला जागा नाय."