कॉलरमागचा लाल दोरा

शटर कुरकुरत वर जातं. आधी दिसतात टांगलेल्या पँटींचे पाय, मग कोटांच्या बाह्या, आणि सगळ्यांच्या मागे, वाफेच्या ढगात, इस्त्री धरलेली एक बाई. चाळिशी उलटली, कानाशी केस पिकले, तरी सगळी गल्ली तिला ‘बारकी’च म्हणते.

या लाँड्रीत कपडे ओळखायची रीत आईने घालून दिलेली. एका घराला एक रंग. कॉलरच्या आत त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके. लाल स्वतःच्या घराचा. आई, बाबा, दादा, बारकी, सगळ्यांच्या मानेशी लाल. दादाचं लग्न होऊन बिऱ्हाड वेगळं झालं, तेव्हा त्यानेच म्हटलं होतं, “आई, आता आम्हाला निळा दे.” माउलीने निळा दिला, आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

आई गेली. दुकान दादाच्या नावावर झालं, चालवायची मात्र बारकी. दुकानावरच्या तिच्या खोलीत एक नर्स राहायला आली. दादाला सांगितलं, भाडेकरू.

“काय घरमालकीणबाई, भाडं कधी मागणार?” नर्स खिदळायची, आणि बारकी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवायची, खिडकी उघडी असायची. दोघी एका ताटात जेवायच्या, पण जिन्यात पाऊल वाजलं की दुसरं ताट मांडलं जायचं. कारण दादा एकदा टीव्हीवर दोन बायकांच्या संसाराची बातमी बघता बघता बोलून गेला होता, “असल्या बायकांना मी दारात उभं करणार नाही.” ते वाक्य बारकीच्या कानातून कधी गेलंच नाही. दार त्याचं होतं.

आज दादा बॉयलर बघायला आलेला. काउंटरवर गल्लीतल्या मास्तरीणबाई.

“बारके, माझ्या कोटाचं बटण खाल्लंस काय गं?”

“आलाच तसा कोट. शोधते, सापडलं तर तुमच्या तोंडाला लावते.”

बाई खळखळून हसल्या. कोट घेऊन जाता जाता म्हणाल्या, “तुझी नर्स बरी आहे ना? दोघी जोडीनं फिरता, बघून बरं वाटतं हो.”

साधं, मायेचं बोलणं.  पण बारकीने चोरून मागे पाहिलं. दादा बॉयलरपाशी नव्हता. तो फळीपाशी उभा होता, हातात नर्सचा पांढरा गणवेश. याच दुकानात वाढलेला माणूस. सवयीने त्याने कॉलर उलटली.

लाल.

नर्सचा रंग पहिल्यापासून हिरवा, हे दादालाही ठाऊक. गेल्या आठवड्यात तिचा नवा गणवेश आला, आणि बारकीच्या हाताने न विचारता लाल दोरा ओवला. तिला आता आठवतही नव्हतं. इस्त्रीखालच्या चादरीतून करपल्याचा वास येऊ लागला, तरी तिला हात उचलता येईना.

“बारके.” दादाचा आवाज अगदी हळू. “हे काय?”

 वरची खोली, दुकान, हा एकुलता भाऊ, सगळं त्या दोन टाक्यांना लटकलं होतं.

दादाने पुढे होऊन तिच्या हातातली इस्त्री उचलून बाजूला ठेवली. खणातली कात्री काढली, गणवेशावर ठेवली आणि दोन्ही तिच्यापुढे सरकवली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

“चुकलं असेल. कामाच्या धांदलीत होतं. उसव, आणि हिरवा घाल. मी काही पाहिलं नाही.”

केवढी सोपी वाट! बारकीने कात्री उचलली.  तिने टाक्यांखाली टोक घातलं. तिथेच थांबली. मग कात्री पुन्हा खणात टाकली आणि खण लावला. टेबलाची कड घट्ट धरली.

“चुकलं नाही, दादा. तुझं घर वेगळं झालं तेव्हा तू आईकडे निळा मागितलास. आमचं घर एकच आहे.”