पेडणेकरांचं पालथं ताट

पेडणेकर गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचं ताट आमच्या टेबलावर मांडलेलं होतं. आमचे फोन तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे येतात. तिथून हाक आली म्हणून सुधाकर, माझा नवरा, खाली गेला आणि परत आला तो दारातच उभा राहिला. "आत ये की, पेडणेकर येतील एवढ्यात," मी म्हटलं. तो म्हणाला, "नाही येणार, शैला..." खरं सांगते, मला आधी राग आला, रडू नंतर आलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत या माणसाने मला एकदाच अट न घालता शब्द दिला होता आणि नेमका तोच मोडला.

अनंत पेडणेकर आमच्या सीबीडीतल्या कचेरीत माझ्या पलीकडच्या टेबलावर बसायचे. इमारतीबाहेर गुडघाभर गवत होतं त्या काळातली ही गोष्ट. मंजुरीच्या पत्रांचे मसुदे ते लिहायचे आणि मी टाइप करायचे. प्रत्येक मसुद्यात पहिल्या ओळीत मंजुरी असायची आणि दुसऱ्या ओळीत ‘सब्जेक्ट टू’ म्हणून तिचं शेपूट सुरू व्हायचं. अमुक कागद आणल्यास, तमुक हरकत न आल्यास. पत्रात ते शोभतंही, पण पेडणेकरांनी ते घरीदारी नेलं. चहाला येता का विचारलं तर, "येतो, सब्जेक्ट टू साहेबांची मीटिंग." एखाद्या मुलाच्या बारशाचं बोलावणं केलं तर, "येणार, सब्जेक्ट टू वाशीची बस." बरं, एकटा जीव सदाशिव. बायको नाही, पोरं नाहीत, अडवायला घरात कुणी नाही. तरी या माणसाच्या तोंडून सरळ हो निघेल तर शपथ.

कचेरीच्या कोपऱ्यावर वाशीगावची जनाबाई मासे घेऊन बसायची. तिने एकदा विचारलं, "भाऊ, परवा बोंबील आनू काय?" हे म्हणाले, "आणा, सब्जेक्ट टू ताजे मिळाले तर." मी शेजारीच उभी होते, मला लाज वाटली. जनाबाईने पाटीवरचं फडकं झटकलं आणि म्हणाली, "ताजं नसंल तं आनीनच कशाला? हो नाय तं नाय, काय ता एक बोला." मी मनात तिला हात जोडले.

एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, "अहो पेडणेकर, आपल्याकडे लोक ‘बघू’ म्हणतात, ‘जमलं तर येतो’ म्हणतात. तुम्हाला हे इंग्रजी लोढणं कशाला लागतं?" ते शांतपणे टाचण्या डबीत भरत होते. म्हणाले, "शैलाबाई, ‘जमलं तर’ म्हणणाऱ्याला काय जमायला हवं ते सांगावं लागत नाही. सुटतो तो. ‘सब्जेक्ट टू’ म्हटलं की पुढे काहीतरी यावंच लागतं, ती जागा रिकामी ठेवता येत नाही. नक्की काय अडेल ते आधी शोधावं लागतं." मी म्हटलं, "आणि शोधून काय करता?" त्यावर नुसतं हसले. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून हसले.

माझं लग्न ठरलं ते याच सुमारास. ठरलं म्हणजे मी आणि सुधाकरने ठरवलं. सुधाकर जालन्याकडच्या बौद्ध घरातला, आमच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर नोकरीला. माझे वडील, अण्णा, पेणला गणपतीचा कारखाना चालवायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की या घरात ते नाव काढायचं नाही, आणि तसं लग्न केलंस तर मला मुलगी नाही. आम्ही रजिस्टर लग्न करायचं ठरवलं. साक्षीला भरवशाचा माणूस हवा, म्हणून मी पेडणेकरांना विचारलं. मनातून खात्री होती की या एका बाबतीत तरी ते सरळ हो म्हणतील.

"करतो की सही," ते म्हणाले, "सब्जेक्ट टू वडिलांची संमती."

मी तिथल्या तिथे उठले. "संमती असती तर तुमच्या दाराशी आले असते का मी?" असं म्हणून त्यांच्याशी बोलणं टाकलं. सुधाकर म्हणाला, "जाऊ दे, दुसरा माणूस बघू." पण मला दुसरा माणूस नको होता. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते, आणि आता हेही... मोठं असं आपलं म्हणावं तर माझ्याकडे दुसरं कोण होतं?

श्रावण सुरू झाला. एका सोमवारी मसुदा देताना पेडणेकरांच्या शर्टाच्या बाहीला गुलाबी रंग दिसला. पुढच्या सोमवारी नखांत. तो रंग मी जन्मापासून पाहत आलेय, पेणच्या प्रत्येक पोराच्या नखांत तो असतो. पण अबोला धरलेला, विचारायचं कसं? शेवटी त्यांनीच मसुद्यावरून मान वर न करता सांगितलं, "अण्णा लग्नाला येतो म्हणालेत. सब्जेक्ट टू विसर्जन." आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत, "पण विसर्जन झालं की पितृपक्ष लागतो. तेव्हा सब्जेक्ट टू तेही." मला हसावं की त्यांच्या डोक्यात टाइपरायटर घालावा कळेना. आता अटी घालणारे दोघं झाले होते.

पुढे अण्णांनीच सगळं सांगितलं. हा माणूस दर रविवारी एसटीने पेणला यायचा, "काही काम असेल तर द्या" म्हणायचा आणि दिवसभर मूर्ती पॉलिशपेपरने घासत, रंगाचा हात देत बसायचा. गणपतीच्या दिवसांत फुकटचा हात कोण सोडतो? माझं नाव त्याने एकदाही काढलं नाही. शेवटी एका संध्याकाळी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करता करता अण्णांनीच विचारलं, "तुम्ही येता कशाला हो इथे?" पेडणेकर म्हणाले, "माझी एक सही अडलीय तुमच्यापायी." अण्णा सांगायचे, "तुझी बाजू घेतली असती ना, तर हाकलूनच दिला असता. हा म्हणतो, माझी सही अडलीय. म्हटलं, गृहस्थाला मोकळा तरी करू."

अण्णा आले. दसऱ्यानंतर, टोपी घालून, कुणाशी न बोलता आले, आणि सुधाकरच्या आईने पुढे केलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला. पेडणेकरांनी सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाची अट ही पळवाट नव्हतीच. जे अडणार ते आधी बोलून दाखवायचं आणि मग स्वतःच जाऊन ते हलवायचं, अशी त्याची रीत होती. बसची अट घातली की तासभर आधी निघायचं. पण हे आधी सांगायला काय झालं होतं? मी गौराईसारखी मुकाट बसून महिनाभर जळत राहिले, त्याचं काय?

लग्नानंतर आम्ही वाशीला राहायला आलो, त्यांच्याच शेजारच्या इमारतीत. दर रविवारी त्यांना जेवायला बोलवायचं आणि दर रविवारी अट ऐकायची. तांदूळ किती घ्यायचे कळेना. एकदा वैतागून मी त्यांचं ताट टेबलावर पालथं घातलं. म्हटलं, हे घ्या तुमचं सब्जेक्ट टू. ते आले, ताटाकडे पाहिलं, आपल्या हाताने सुलटं केलं, रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "हे बरंय. असंच ठेवत जा." मी टोमणा मारला होता, त्यांनी त्याची पद्धत करून टाकली.

यंदा हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना इस्पितळात ठेवलं. भेटायला गेले तेव्हा खिडकीतून खाडीकडे बघत होते. रेल्वेचा पूल अजून अर्धाच उभा आहे, त्याच्या अटी मोजत असतील. मी म्हटलं, "रविवारी घरी सोडतील म्हणतात. जेवायलाच या." ते म्हणाले, "येतो."

मी थांबले. पुढे काही आलं नाही. "सब्जेक्ट टू काय?" मी विचारलं.

"येतो म्हटलं ना, शैलाबाई."

मी आनंदाने घरी आले. सुधाकरला म्हटलं, "जिंकले मी. माणूस सरळ हो म्हणाला." सुधाकर पाणी प्यायला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याला कळलं असावं. जे हलवता येण्यासारखं असेल त्याचीच अट पेडणेकर घालायचे. मी मात्र रविवारी त्यांचं ताट पहिल्यांदाच सुलटं मांडलं, वाटी, पेला, सगळं. तेवढ्यात खालून हाक आली.

चिडलेय मी अजून त्यांच्यावर. शेपटाचा होकार देत होते तोवर येत तरी होते. आता रविवारी माझा हात आपसूक फळीवर जातो आणि ते ताट पालथं पडतं. सुधाकर हटकत नाही. मी म्हणतेही मनात, याल तुम्ही, सब्जेक्ट टू... आणि पुढची जागा रिकामी राहते.