चॅटमध्ये लिही, मी बोलेन

माइक बंद केला असं मला वाटलं होतं. केला नव्हता.

परदेशी क्लायंटचा कॉल. मी वसईच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरच्या घरात, खिडकीशी लॅपटॉप घेऊन. समोर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत होते. मी बायकोला जोरात ओरडलो, "अगो, कावला बसलाय बोंबलांवर! हाकल त्याला!" आमच्यात हळू कुणी बोलतच नाही.

क्लायंट हसला. मीही हसलो. आमचा टीम लीड हसला नाही. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मोठ्या कॉलेजातला. कॉल संपल्यावर सगळ्या टीमसमोर म्हणाला, "मच्छीमार्केट घरात ठेव. यापुढे तू म्यूट. उत्तर चॅटमध्ये लिही, मी बोलेन."

मी 'ओके' लिहिलं. वर अंगठाही टाकला. असा मी शूर.

मग तेच सुरू झालं. क्लायंटने विचारायचं, मी लिहायचं, त्याने गुळगुळीत इंग्रजीत वाचायचं. एकदा मी लिहिलेला विनोदही त्याने वाचला. क्लायंट खो खो हसला. हशासुद्धा त्याचाच. बढतीच्या वेळी मला सांगितलं गेलं, "तू मीटिंगमध्ये काही बोलत नाहीस."

प्रोग्रॅमिंग मी वसईतल्या क्लासात शिकलो. पुस्तक इंग्रजी, सर समजावायचे मराठीत. त्यावर लीडचं ठाम मत होतं: "क्लासवाल्यांना टूल वापरता येतं. विचार करता येत नाही."

पुढे कोड लिहून देणारं एआय टूल आलं. ते दाखवताना तो टीमला म्हणाला, "हे याच्यासारखंच आहे. मी विचारायचं, त्याने टाइप करायचं. फरक एवढाच, टूल कावळ्यांवर ओरडत नाही."

स्क्रीनभर हसरे चेहरे आले. मी माझा अंगठा शोधत होतो. बोट थांबलं. या वेळी अंगठा टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉल. क्लायंटने विचारलं, सिस्टिम नव्या सर्व्हरवर हलवताना बंद का ठेवायची? मी काहीच लिहिलं नाही. लीडचा मेसेज आला: "टाइप कर." मग: "लवकर!"

मी माइक उघडला. इंग्रजीत बोललो. माझ्या इंग्रजीत, आमच्या बंदरावरच्या आवाजात. एका प्रश्नाला अडलो, तेव्हा "उद्या सांगतो" म्हणालो. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. क्लायंट फक्त "ओके" म्हणाला.

संध्याकाळी लीडचा फोन. "तू प्रोजेक्टमधून बाहेर. दुसरा प्रोजेक्टही तुझ्यासाठी नाही. पुन्हा म्यूट राहणार असशील तर बघू."

"नाही राहणार," मी म्हणालो. फोन मीच ठेवला.

बायकोला सगळं सांगितलं. आता घराच्या हप्त्यांवरून रडारड होणार, अशी माझी तयारी होती. तिने ओले हात लुगड्याला पुसले.

"दुसरी नोकरी बघ," ती म्हणाली. "पन मुलाखत देताना दार लावून बसू नको. सगल्या बंदराला ऐकू जाऊ दे."