हिराकाकूच्या बाहुलीची मान

मिऱ्या गावची हिराकाकू दर महिन्याला आमच्या दारात सुकट, सोडे अशी सुकी मासळी घेऊन येते. पंचाहत्तरी उलटलीय, तरी तिच्याशी घासाघीस करायची माझी छाती होत नाही. त्या दिवशी मात्र टोपलीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक बाहुली होती.

तिचा बाप भिवा बोटीवर खलाशी. काकू सात वर्षांची असताना त्याने ही बाहुली आणली, जर्मनीहून आणली म्हणाला. पुढच्या खेपेला गेला तो परतलाच नाही. बोट बुडाली, असं आई सांगे. गाव म्हणे, कसली जर्मनी, मुंबईत दुसरं बिऱ्हाड थाटलंय! काकू जन्मभर गावाशी भांडत आली, पण बाहुली तिने कुणाला तपासू दिली नाही.

जुन्या वस्तू पारखणं हे माझं काम. अशा बाहुलीची ओळख मानेवर, केसांखाली कोरलेली असते, हे मी तिला पूर्वीच सांगितलं होतं. पण चिकटवलेले केस उचकटायला ती तयार नव्हती. आता ते आपणच सुटले होते. पोरीच्या जातीचे केस कोरडे ठेवू नयेत म्हणून ही बाई दर रविवारी बाहुलीला खोबरेल थापत होती! मी कपाळाला हात लावला.

"बघ गो दर्शना. खरा काय ता सांग."

गाल बिनचकाकीचा, भाजलेल्या चिनीमातीचा. ओल्या फडक्याने पुसला. तेल निघालं, लाली निघाली नाही. म्हणजे रंगही भट्टीतलाच. मान उलटी केली. साच्याचा आकडा, आणि खाली इंग्रजीत 'जर्मनी'.

"जर्मनीचीच!" मी ओरडले. काकू रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मुंबयत गावायच्या नायत ना गो अशा?"

नेमकं हेच तिने विचारू नये असं मला वाटत होतं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला.

"मिळायच्या, काकू. गोरे साहेब घरं मोडून गेले, तेव्हा त्यांच्या पोरींच्या बाहुल्या मुंबईच्या बाजारात आल्या. ती तिकडे घडली, एवढंच यावरून कळतं. कुणी कुठून घेतली, ते नाही."

आता ही माझ्यावर उखडणार, असं मला वाटलं. तिने बाहुली पुन्हा लुगड्यात गुंडाळली.

"म्हंजे गाव म्हनं तसा बा मुंबयतच ऱ्हायला असंल," ती हळूच म्हणाली. "आनि मी गावाशी भांडत ऱ्हायले. येक डाव पन त्येला बघाया गेले नाय गो."