पाच अंडी आणि करंड्यातलं मेण

सासूच्या करंड्यातलं मेण चोरून मी एकदा पाच अंड्यांची भोकं बुजवली होती. भोकंही मीच पाडली होती, दाभणानं. लग्नाला वर्ष झालं होतं, पोटात चौथा महिना होता, आणि अक्कल अजून माहेरीच राहिली होती.

सासूनं खुडूक कोंबडी टोपलीत भुशावर बसवली, खाली अकरा अंडी. आत जीव कसा धरतो ते मला पाहायचं होतं. स्वतःच्या पोटात डोकावता येत नव्हतं, म्हणून मी कोंबडीच्या वाट्याला गेले. दुसऱ्याच दिवशी, सासू शेतात निंदायला गेली तशी, कोंबडीच्या चोची खात पाच अंडी काढली. भोक पाडून, एक डोळा मिटून आत पाहिलं. पिवळ्यावर पांढुरका ठिपका, बस्स. मग कुंकवाखाली लावायचं मेण भोकांवर थापलं. एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? वरून कुंकूही लावलं. पाच अंड्यांना सवाष्ण करून कोंबडीखाली सरकवलं आणि भाकरी थापायला बसले. स्वतःवर फार खूश होते.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. कुंकवाची पाच तशीच राहिली. सासूनं ती फोडली. चार सडलेली. पाचव्यात अख्खं पिल्लू, अंगावर लव आलेली, चोच जागेवर, आणि कमरेपाशी पाठ उघडी. शिवायची राहून गेल्यासारखी.

"माह्या करंड्यातलं मेण कोणं नेलं?" सासूनं विचारलं.

"मांजरानं."

"मांजर कुकू लावते काय व?"

आम्ही दोघी हसलो.

पाच महिन्यांनी मला मुलगी झाली. नाक सासूचं, हनुवटी माझी. कमरेपाशी पाठ उघडी. त्याच जागी. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तिला उताणं निजवता येत नव्हतं, म्हणून नऊ दिवस मी तिला हातावर पालथी घेऊन बसले. दहाव्या दिवशी हात रिकामा झाला. बारसं बाराव्या दिवशी असतं. त्यामुळे नाव ठेवलं नाही. घरात तिला कोणी काही म्हणायचंच राहून गेलं.

सासूनं तिची पाठ पाहिली होती, मग माझ्याकडे पाहिलं होतं. बोलली काही नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. त्यानंतर आमच्या घरी अंड्यांवर कोंबडी कधी बसली नाही. पुढे मुलगा झाला, धडधाकट. त्याच्या वेळी नऊ महिने मी अंड्याला हात लावला नाही.

गेल्या वर्षी त्याची मुलगी घरी आली. ती वाशिमला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते.

"आजी, गावरान अंडे पाहून दे न. ज्या घरी कोंबडा हाये, तिथलेच."

"काहून? दुकानातल्या अंड्याले काय धाड भरली?"

"त्याच्यात पिल्लू नाही धरत."

"मंग कोंबडीलेच घेऊन जाय कॉलेजात. फी तेवढी माफ करा म्हना."

ती हसली आणि शेंगा सोलायला माझ्याजवळ बसली. अंडी पेटीत उबेला ठेवतात, पहिल्या-दुसऱ्या दिवशी कवचाला इवलीशी खिडकी कापतात, काही अंड्यांत औषध सोडतात, काहींत काहीच नाही, आणि वर चिकटपट्टी लावतात. कोणत्या औषधानं पिल्लात व्यंग येतं ते त्यावरून कळतं, असं तिनं सांगितलं.

"पन आजी, ज्याच्यात काहीच नाही टाकलं, त्यातल्याबी काही पिल्लाची पाठ उघडी राह्यते. निस्त्या खिडकीनं. आमचे सर म्हनतात, औषधाले दोष द्यायच्या आंधी खिडकीचा दोष पाहा."

माझा हात शेंगांतच थांबला. मग मी तिला सगळं सांगितलं. मेण, कुंकू, मांजर, आणि ते नऊ दिवस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मांजरापाशी ती हसली, पुढे नाही.

"तुले तवा कितवा महिना होता?" तिनं विचारलं.

"चौथा."

"पोटातल्या लेकराची पाठ पयल्याच महिन्यात मिटते, आजी. मिटली त मिटली. कईकदा बाईले दिवस गेले हेबी मालूम नसते तवा."

मी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. एवढा साधा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. सासू तर गेलीसुद्धा, तिचा तो न बोललेला शब्द घेऊन.

"अन् ते पिल्लू?" मी विचारलं.

तिनं माझ्या मांडीवरची टरफलं झाडली आणि म्हणाली, "पिल्लू तुह्याच हातानं गेलं, आजी, ते मी नाही लपवत. पन माही आत्या तुह्यापायी नाही गेली."