नानांनी परतीचा माल भरला नाही

हरिश्चंद्र बाळाराम भोईर, म्हणजे आपणा सर्वांचे हरीनाना, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला आधी त्यांची खुर्ची दिसली. भिवंडीजवळ वडप्याला हमरस्त्याच्या कडेला नानांचा वजनकाटा आहे. रिकामा ट्रक आधी काट्यावर उभा करायचा, मग माल भरून पुन्हा उभा करायचा आणि दोन आकड्यांची वजाबाकी करून पावती फाडायची, असा तो व्यवहार. काट्याच्या केबिनबाहेर एक लोखंडी खुर्ची होती. बाजारातल्या खुर्च्या नानांपुढे टिकत नसत, म्हणून ट्रकचे हौदे जोडणाऱ्या वेल्डरकडून ती खास करून घेतलेली होती. तिच्यात नाना पूर्ण भरून बसलेले असत.

मी तेव्हा नवा वार्ताहर होतो. संस्कृतात एम. ए. केल्यावर माणसाने भिवंडीत काय करावे याचा शास्त्रात कोठेही निर्णय दिलेला नसल्यामुळे मी बातम्या लिहू लागलो होतो. जादा माल भरणाऱ्या ट्रकांची बातमी करायला मी गेलो, तेव्हा एक व्यापारी नानांपाशी उभा राहून पावतीवर वजन जरा कमी लिहा म्हणून गोड शब्दांत विनवीत होता. नानांनी त्याला चहा पाजला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि शेवटी सांगितले, "काटा बोलतो, शेठ. मी न्हाय बोलत. त्याचं त्वांड मना धरता येत न्हाय." मग माझ्याकडे वळून मी जेवलो आहे का, असे विचारले. माझी बातमी छापून आली नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीच्या कोळंबीचे कालवण मात्र त्या दिवसापासून माझ्या नशिबी आले.

गौरवग्रंथ समितीने मला 'नानांचे सामाजिक कार्य' असा विषय दिला आहे. शाळेला दिलेली जमीन, वाचनालयाची इमारत, गावातले मिटवलेले तंटे यांवर इतर मान्यवर लिहितीलच. मी लिहिणार आहे ते नानांच्या वजनाविषयी. अष्टसिद्धींपैकी गरिमा, म्हणजे जड होण्याची सिद्धी, त्यांना जन्मजात प्राप्त होती. लघिमा, म्हणजे हलके होण्याची, मात्र त्यांनी सदुसष्टाव्या वर्षानंतर कष्टाने मिळवली. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे सामाजिक कार्य आहे, कारण त्यात त्यांना समाजाचा सर्वाधिक विरोध पत्करावा लागला.

आठेक वर्षांपूर्वी नानांचा दम कोंडला आणि त्यांना हॉस्पिटलात न्यावे लागले. रक्तातली साखर, गुडघे, फुप्फुसे, सर्वांनी एकाच वेळी गाऱ्हाणे मांडले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या यमुनाकाकींनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, तेव्हा वज्रेश्वरी देवीला नवस बोलला. हे घरी आले, तर हे आपल्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढतील आणि मी यांच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन. नाना घरी आले. पडघ्याच्या बाजारातून गुळाच्या ढेपा आणल्या, टेम्पो भरला आणि सर्व मंडळी वज्रेश्वरीला निघाली. मीही होतो.

देऊळ उंचावर आहे. नाना मोजक्या पायऱ्या चढले आणि बसले. श्वास जुळेना. मुलांनी खाली जाऊन खुर्ची आणली, चौघे उचलून नेतो म्हणाले. नानांनी मान हलवली. एक ट्रक दुसऱ्या ट्रकावर घालून काट्यावर आणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. काकी मधल्या पायरीवर उभ्या होत्या. वर देवी, खाली नवरा. त्यांनी वर बघून हात जोडले आणि खाली उतरल्या. ढेपा परत आल्या. येताना टेम्पोत, पडघ्याच्या आसपास, काकी हळूच म्हणाल्या, "मी आदी गेले, त देवी ह्यो नवस कुनाला इचारंल?"

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना स्वतःच्या काट्यावर जाऊन उभे राहिले.

आयुष्यभर हजारो ट्रक तोलणारा हा माणूस स्वतः त्या पत्र्यावर कधी चढला नव्हता. ट्रकांचा काटा असा की दहा किलोच्या आतली गोष्ट त्याला दिसतच नाही. मी म्हटले, नाना, औषधाच्या दुकानातला छोटा काटा आणू या, तो ग्रॅमसुद्धा सांगतो. त्यावर ते म्हणाले, ग्रॅमवर जीव टांगला की माणूस रोज सकाळी रडतो नाहीतर रोज सकाळी लाडू खातो. आपल्याला आपलाच काटा बरा.

तरी आरंभी घाई झालीच. कोणा हितचिंतकाने सांगितले म्हणून त्यांनी काही दिवस नुसता दुधीचा रस घेतला. आकडा एकदा उतरला, नाना केबिनच्या दारात भोवळ येऊन बसले, आणि महिन्याभरात आकडा पुन्हा होता तिथे, सव्याज. त्यानंतर त्यांनी दुधीशी संबंध तोडले आणि डॉक्टरांपुढे बसून, जन्मभर जमेल तेवढेच सांगा, अशी अट घातली.

जे ठरले ते ऐकायला फार सामान्य आहे. घरून काट्यापर्यंत जीपने न जाता बांधाबांधाने चालत जायचे. रात्रपाळी मुलाकडे द्यायची आणि नऊला झोपायचे. भाकरी आधी ताटभर असे, ती दोनावर आली. मासळी तव्यावरून कालवणात गेली. चहा प्रत्येक ड्रायव्हरबरोबर होत असे, तो बिनसाखरेचा आणि दिवसातून दोनदाच झाला. अवघड होते ते पुढेच. आपल्याकडे हळदीला किंवा लग्नाला गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाने पानावर बसून 'पुरे' म्हणणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणे. नानांच्या 'पुरे'ला गावात कोणी किंमत देईना. "नाना, रागावलाव का?" असे विचारीत लोक वाटीत आणखी एक पळी ओतत.

मग एका हळदीत नानांनी बसायच्या वेळी वाढप्याच्या हातून पळी काढून घेतली आणि पंगत वाढायला सुरुवात केली. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करीत नाही, हा शोध त्यांचा. घरून जेवून यायचे आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत फिरायचे. गावाला वाटले, नाना पुण्य जोडताहेत. टाळेबंदीत गोदामांच्या रांगेत परमुलुखातले ड्रायव्हर अडकून पडले, तेव्हा हीच पळी घेऊन नाना रोज खिचडी वाढीत होते. एका पोरसवद्या ड्रायव्हरने त्यांना विचारले, "चाचा, आप नहीं खाते?" नाना म्हणाले, "मैंने पचास साल खाया है, बेटा. अब तू खा."

त्या वर्षांत मी अनेकदा पहाटे त्यांच्याबरोबर चाललो. वार्ताहराला एवढ्या लवकर बातमी नसते, पण नाना फोन करून उठवीत. भिवंडीच्या माणसाच्या कानात लूमचा खटखटाट झोपेतही चालू असतो. त्या बांधावर तो विरून जाई. शेतांवर धुके उतरलेले असे आणि त्यात गोदामांची लांबलचक छपरे खाडीत नांगर टाकलेल्या गलबतांसारखी तरंगत. नाना पुढे, मी मागे. काट्याशी पोचलो की ते चपला काढून त्या विस्तीर्ण लोखंडी पत्र्याच्या मधोमध उभे राहत. चोहोबाजूंनी धुके, मध्ये पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस आणि केबिनच्या काचेतले लाल आकडे. महिनोन् महिने ते आकडे हलत नसत. नाना एकदा बघत, चपला घालत आणि कामाला लागत. मला कधी वाटे, हे वजन करीत नाहीत, हे कोणाची तरी वाट पाहत आहेत. आणि मग एखाद्या सकाळी काहीही न सांगता आकडा दहाने उतरलेला असे. त्या दिवशीही नाना चपलाच घालत.

तिसऱ्या वर्षापर्यंत बरेच उतरले होते. काकी म्हणाल्या, आता जाऊ या वर. नाना म्हणाले, एवढ्यात नको. गाडी खाली झाली म्हणून काय झाले, परतीचा माल भरतातच. तो भरला जात नाही हे आधी बघू. काकी चिडल्या. आपले वय वाढते आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि नवस तर रोज त्यांच्या उशाशी बसलेला. दर माघात ती दोघे वज्रेश्वरीला जात, नाना थोड्या पायऱ्या चढून बघत आणि मग खालच्या गरम कुंडाशी येऊन पाय पाण्यात सोडून बसत. वाफेत त्यांचे चेहरे पुसट होत. काकी एकदा म्हणाल्या की, देवीला आता यांचा चेहरा पाठ झाला असेल, फक्त खालून.

यंदाच्या माघात, अमृतमहोत्सवी वर्षात, नाना स्वतःहून म्हणाले, चला. लाल आकड्यांना चार वर्षे परत वर जायची आठवण झाली नव्हती. ते एका चालीत चढले. मी दोनदा थांबलो. वर तराजू टांगलेला होता. एका पारड्यात नाना, दुसऱ्यात ढेपा. पारडी समोरासमोर आली. मुले नमस्कार करू लागली. काकी मात्र हलेनात. नवस मी यांच्या तेव्हाच्या अंगाचा बोलले होते, म्हणाल्या. हा तर अर्ध्या नानांचा गूळ झाला. पुजाऱ्यांनी समजावले की देवी आजचे वजन पाहते. मुलांनीही तेच सांगितले. काकींच्या डोळ्यांत पाणी आले.

नाना पारड्यातून उतरले. "बरोबर बोलते ती," म्हणाले. "भरल्या गाडीचा माल खाली गाडीच्या पावतीवर दडपायचा न्हाय."

उरलेल्या ढेपा त्यांनी, काट्यावरच्या पहिल्या पहाटेच्या आकड्याप्रमाणे, मोजून आणलेल्याच होत्या. खाली टेम्पोत होत्या. त्यांनी कोणालाही हात लावू दिला नाही. सकाळभर ते एकेक ढेप खांद्यावर घेऊन सावकाश चढत राहिले, मध्ये बसत, पाणी पीत, पुन्हा उतरत. काकी वरच्या पायरीवर बसून होत्या. शेवटची ढेप घेऊन ते, आठ वर्षांपूर्वी जिथे श्वास अडला होता, त्या पायरीवर टेकले. ढेप मांडीवर. मी शेजारी बसलो. वर रचलेल्या गुळाकडे पाहून ते म्हणाले, "वार्ताहर, येवडं सगलं मी झोपताना पन उतरवत नव्हतो."

मग उठून ती ढेप त्यांनी काकींच्या पुढ्यात ठेवली. काकींनी तिला हात लावला. "आता गूळ भरला," एवढेच म्हणाल्या. आणि कोपऱ्यातून बोटाएवढा खडा फोडून त्यांनी नानांच्या तळहातावर ठेवला. नानांनी तो खाल्ला, अर्धा. उरलेला अर्धा मला मिळाला. तेव्हा मी कोणताही आग्रह होऊ दिला नाही.

समितीने या समारंभात नानांची ग्रंथतुला योजली आहे. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी माझ्याजवळ खासगीत तक्रार केली की, हा सत्कार आठ वर्षांपूर्वी झाला असता तर दुप्पट पुस्तके मिळाली असती. त्यांचे दुःख मी समजू शकतो. तरीही देवीपाशी माझे मागणे एवढेच आहे की नानांच्या शंभरीलाही वाचनालयाचे असेच नुकसान व्हावे. तेव्हाही ते आपल्या पायांनी पारड्यापर्यंत चालत यावेत, आणि पुस्तके आजच्याइतकीच लागावीत.

काट्यावरची लोखंडी खुर्ची अजून तिथेच आहे. संध्याकाळी ट्रकांची गर्दी ओसरली की काकी डबा घेऊन येतात. आता त्या खुर्चीत दोघे शेजारी शेजारी मावतात. ती दोघे तशीच, पुष्कळ संध्याकाळी बसलेली दिसोत.