ताईला लॅपटॉप नको होता

आमच्या ताईने खेळण्यासाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा नात्यातल्या निम्म्या लोकांनी मला फोन करून विचारलं, तिचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी प्रत्येकाला सांगितलं, तिचं आहे, तुमचं तपासून घ्या. मी तिची धाकटी बहीण, आणि फटकळ म्हणून घरात माझी आधीपासूनच ख्याती आहे.

ताईने जन्मभर शाळेची बस चालवली. बाई बस चालवणार म्हटल्यावर पालक सुरुवातीला बिचकायचे. पुढे त्यांचीच मुलं दुसऱ्या बसमध्ये पाय ठेवायला तयार होईनात. शेवटची फेरी संपली की ती पार मागच्या सीटपर्यंत चालत जायची आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. एखादं पोर झोपून राहिलेलं नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय ती बसला कुलूप लावत नसे. त्यात तिला डबे सापडले, स्वेटर सापडले, एकदा तर जिवंत कासव सापडलं.

मग गुडघ्याने दगा दिला आणि बस सुटली. त्याच वर्षी भावोजी गेले. ताईची मुलं गुणी आहेत, आईवर त्यांचा जीव आहे, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. बहीणभावाने बसून ठरवलं की आईने एकटं राहायचं नाही. तीन महिने मुलाकडे, तीन महिने मुलीकडे. ताईला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण ठरवून झाल्यावर.

ताईच्या घराला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली, कारण मी समोरच राहते. मुलाकडे ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची, म्हणजे सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्यावर. मुलीकडे नातीच्या खोलीत, कपाटातला एक कप्पा तिचा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ताईला जेवायला भरपूर मिळत होतं, पण स्वतःच्या मर्जीने लावून घेता येईल असं एक दार तिला कुठेच नव्हतं.

खेळ तिला सापडला जावयाकडे. त्याने कॉम्प्युटरला स्टिअरिंग आणि पायाखाली पेडलं जोडून घेतली होती, ट्रक चालवायचा खेळ खेळायला. एका रविवारी गंमत म्हणून त्याने सासूबाईंना बसवलं. ताईने आधी खुर्ची पुढे ओढली, पडद्यावरचे आरसे नीट करून मागितले आणि लांबलचक ट्रेलर मागे घेऊन पहिल्याच झटक्यात गोदामाच्या दाराला लावला. जावयाने तोंडात बोट घातलं. तेव्हापासून ती रोज बसू लागली. तिथेही ती वेगाची मर्यादा पाळायची. मागून इंटरनेटवरच्या परक्या खेळाडूंचे ट्रक हॉर्नवर हॉर्न वाजवायचे. "वाजवा," ती म्हणायची, "माझ्या गाडीत पोरं आहेत." गाडीत सिमेंट असायचं.

जावई घरून काम करणारा. त्याच्या मीटिंगच्या वेळेला सासूबाई हायवेवर असायच्या. म्हणून मुलांनी ठरवलं, आईला तिचा स्वतःचा लॅपटॉप घेऊन द्यायचा, चांगला दणकट, गेमिंगचा. भाची ताईला घेऊन दुकानात निघाली तेव्हा मीही बरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

दुकानदाराने लॅपटॉप उघडून दाखवला. भाची खूश होऊन म्हणाली, मिटला की पिशवीत, दादाकडून माझ्याकडे, माझ्याकडून दादाकडे, आईच्या मागोमाग, काही त्रासच नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मी मनात म्हटलं. ताई मात्र मशीनच्या कडेला हात लावून बघत होती. हा तापतो का, पंखा फार आवाज करतो का, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो का, असं तिने विचारलं. दुकानदार माणूस सरळ होता. तो म्हणाला, खेळ जड असेल तर हा तापणारच, आणि आतलं फारसं काही बदलता येत नाही. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळेल, थंड राहील, पडदाही मोठा. पण वीज गेली की तो बंद पडणार, आणि तो उचलून इकडून तिकडे नेता येत नाही.

"नेता येत नाही म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे जिथे मांडाल तिथेच राहतो, मावशी."

"मग तोच द्या."

भाचीने समजावलं. दादाच्या हॉलमध्ये जागा नाही, आमच्याकडे तर मुळीच नाही, ठेवायचा कुठे?

"माझ्या घरी," ताई म्हणाली.

"तिथे कोण राहतं, आई?"

"मी."

स्टिअरिंग आणि पेडलंही घेतली, आणि सगळ्याचे पैसे तिने स्वतःच्या खात्यातून भरले. मी घरी येऊन किल्ली तिच्या हातावर ठेवली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी स्वतःवरच चिडले. आम्ही डबल बेड काढून टाकला, खिडकीशी टेबल लावलं आणि टेबलाच्या कडेला स्टिअरिंग आवळून बसवलं. साठी बुद्धी नाठी, असं कोण कोण म्हणालं ते माझ्या नीट लक्षात आहे.

एवढं करूनही ताईने मुलांना सरळ काही सांगितलं नव्हतं. फोन आला की म्हणायची, "येते रे, पण हा कॉम्प्युटर कसा हलवणार?" मी तिला म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, जायचं नाही म्हणून सांगून टाक. चढावर, घाटात, पावसात बस चालवलेली बाई, पण पोटच्या पोराला नाही म्हणायचं तर तिची पाचावर धारण बसत होती.

आणि एक दिवस भाचा गाडी घेऊन दारात उभा राहिला. थर्माकोल, खोकी, चिकटपट्टी, गोधड्या, सगळं आणलं होतं त्याने. हॉलमधला टीव्ही हलवून त्याने आईसाठी टेबल मांडलं होतं. "हलतो गं," तो हसत म्हणाला, "फक्त नीट बांधावा लागतो." त्याने एकेक वायर काढली, कुठली कुठे लागते याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ताई बघत राहिली. आता तिच्यापाशी एकही सबब उरली नव्हती. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण हे तिचं तिनेच बोलायला हवं होतं, म्हणून मी ओठ आवळून उभी राहिले.

भाच्याने तो जड डबा छातीशी धरून उचलला. "चल आई."

ताई खुर्चीतून उठली नाही.

"ने," ती म्हणाली. "पोरं खेळतील. मी दुसरा घेईन."

"अगं, तुझ्यासाठीच नेतोय ना. तू नाही येणार?"

"नाही. हा कॉम्प्युटर नसता तरी आले नसते. मला इथे राहायचंय."

"आमच्याकडे काय कमी पडलं तुला?"

"काहीच नाही. तुझं घर चांगलं आहे. पण ते तुझं आहे." तिने नजर खाली घेतली नाही. "पडले तर समोर मावशी आहे. तुझ्या घरी दिवसभर नुसत्या भिंती असतात. मला बरं नसेल तेव्हा मी तुला बोलावीन, आणि तेव्हा तू ये. पाळी म्हणून मी आता कुणाकडे येणार नाही."

भाचा तसाच उभा. त्याचे डोळे भरले होते आणि हात ओझ्याने खाली येत होते. माझेही डोळे भरले, पण मी त्याच्या हातातलं ओझं घ्यायला पुढे झाले नाही. ताईही झाली नाही.

मग तो म्हणाला, "हा कुठे ठेवू?"

"होता तिथेच. आणि वायरी जोडून दे, त्यातलं मला कळत नाही."

तो टेबलाखाली शिरला आणि चिठ्ठ्या बघत एकेक वायर परत लावू लागला. सगळं जोडून झालं, पडदा उजळला, तरी तो खालीच बसून होता.

"आई, मी रविवारी येत जाऊ?" त्याने तिथूनच विचारलं.

"ये की," ताई म्हणाली. "पण आधी फोन करून ये."